लॅबमध्ये ऑटोमेशन करायचंय? आधी एका ट्यूबच्या मागे मागे फिरा

सकाळचे पावणेआठ. कलेक्शनच्या खिडकीसमोर उपाशीपोटी आलेल्यांची लाइन, वॉर्डातून मामा (सॅम्पल आणणारे वॉर्डबॉय) एकदम तीन ट्रे घेऊन आलेले, आयसीयूचा फोन वाजतोच आहे, "मॅडम आमच्या पोटॅशियमचं काय झालं?", आणि ते पोटॅशियम अजून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त फिरवून वरचं पाणी (सीरम) वेगळं करणाऱ्या यंत्रात, गरगर फिरतंय. मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मग एक दिवस मॅनेजमेंट म्हणतं चला आता ऑटोमेशन करूया, लगेच कंपनीची माणसं लॅपटॉप घेऊन हजर, व्हिडिओत ट्रॅकवरून ट्यूबा आगगाडीसारख्या धावतायत, कुणाच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. मी यातून दोनदा गेलेय, एकदा आपटून आणि एकदा जरा शहाणी होऊन, म्हणून हे लिहितेय.

पहिल्यांदा आम्ही मशीन आधी घेतलं, बाकीचं नंतर बघू म्हटलं. मशीन ताशी 800 टेस्टचं. रिपोर्ट मात्र पूर्वीसारखेच दुपारी एकला. मशीन बिचारं अकरापर्यंत रिकामं बसायचं आणि मग सगळे ट्रे एकदम त्याच्या तोंडावर.

तर खरेदीच्या फायलीला हात लावायच्या आधी एक काम करा. घड्याळ आणि कागद घ्या, एका ट्यूबच्या मागे चालत सुटा. रक्त किती वाजता काढलं, ट्यूब लॅबच्या खिडकीवर कधी आली, नोंद कधी झाली, सेंट्रिफ्यूजमध्ये कधी गेली, मशीनवर कधी चढली, रिझल्ट कधी आला, सही कधी झाली. घड्याळातल्या या सातही वेळा लिहून ठेवायच्या. अशा वीस-पंचवीस ट्यूबा करा, ओपीडीच्या, वॉर्डच्या, कॅज्युअल्टीच्या, आणि रात्रपाळीच्या विसरू नका. साध्या बायोकेमिस्ट्री टेस्टची मशीनच्या आतली रिअ‍ॅक्शन दहा मिनिटांच्या आसपास उरकते, बाकीचा सगळा वेळ ट्यूब कुठेतरी बसून असते, नर्सिंग स्टेशनवर मामांची वाट बघत, खिडकीवर नोंदणीची वाट बघत, आणि शेवटी रिझल्ट स्क्रीनवर येऊन पॅथॉलॉजिस्टच्या सहीची वाट बघत. आमच्याकडे वॉर्डची ट्यूब सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबते माहितेय? सिस्टरच्या टेबलावरच्या किडनी ट्रेमध्ये. त्याला कुठलं मशीन काय करणार.

बारकोड, आणि तो रुग्णाजवळच

ऑटोमेशनचा पाया म्हणजे ट्यूबवरचं ते चिकटवलेलं कागदाचं चिठोरं. मशीनला तुमचा पेशंट कळत नाही, त्याला फक्त बारकोड कळतो. म्हणून लेबल लॅबमध्ये पोचल्यावर नाही, रक्त काढताना रुग्णाच्या समोर लागलं पाहिजे, नाव विचारून. "तुम्ही पाटील ना?" असं नाही विचारायचं, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला निम्मे लोक झोपेत हो म्हणतात.

आमच्याकडे रात्रीच वॉर्डात सगळी लेबलं एकदम छापून ठेवायची पद्धत होती, पहाटे सिस्टर एकेक चिकटवत जायच्या. फीमेल वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन पाटील काकू. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आला तेव्हा एका काकूंचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, काल 92 होता तो आज 68. आता हिमोग्लोबिन रक्तस्राव झाला तर एका रात्रीत पडू शकतं, पण लाल पेशीचा आकार एका रात्रीत एवढा लहान होत नाही, मधे रक्त चढवलं नसेल तर ट्यूबच दुसऱ्याची. दुसऱ्या काकूंचा बघितला तर उलटं, 68 चा 92. दोघींचं पुन्हा रक्त घेतलं. तेव्हापासून लेबल छापायचं खाटेजवळ, हातातल्या स्कॅनरने रिस्टबँड वाचून. हा छोटा प्रिंटर आणि स्कॅनर ट्रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की पैसे कमी असतील तर सगळे इथे घाला.

लेबल लावायचं कसं हे पण शिकवावं लागतं, हसू नका. ट्यूब उभी धरली की बारकोडच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दिसल्या पाहिजेत. बरेच जण लेबल बांगडीसारखं गोल गुंडाळतात, मग मशीनचा रीडर काहीच वाचत नाही. टोपणाच्या लगेच खालून सुरू करायचं, तिरकं नको, सुरकुती नको, रेघांच्या दोन्ही टोकांना थोडी पांढरी जागा सुटलेली हवी, आणि एका बाजूने ट्यूबच्या आतलं दिसेल एवढी फट ठेवायची नाहीतर सीरम किती आहे ते कळत नाही. लेबलाचा कोपरा झेंड्यासारखा बाहेर राहिला की ट्यूब रॅकमध्ये अडकते आणि मशीन नेमकं सोमवारी सकाळी थांबतं. थर्मल प्रिंटरचं हेड आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, बारकोड वाचत नाही या तक्रारी बऱ्याच कमी होतात.

ट्यूबमध्ये जे असेल तेच बाहेर येणार

रक्त कुठल्या रंगाच्या टोपणाच्या ट्यूबमध्ये आधी घ्यायचं हा रंगांचा क्रम सगळ्यांना पाठ असतो पण घाईत पाळला जात नाही. ब्लड कल्चर आधी, मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी ग्रे. निळी खुणेपर्यंतच भरायची कारण एक भाग सायट्रेटला (आतलं रक्त गोठू न देणारं द्रव) नऊ भाग रक्त असं गणित आहे, अर्धी भरली तर पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच वाढून येणार. आणि एक पाप जे प्रत्येक हॉस्पिटलात कधी ना कधी घडतं, पिवळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं तिच्यात ओतायचं. जांभळीत पोटॅशियमचंच ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं. मग पोटॅशियम 9, कॅल्शियम 4, अल्कलाइन फॉस्फटेज पण खाली. मशीन हे इमानदारीने छापून देतं, त्याला त्यात काही गैर वाटत नाही. हाताने काम करणारी जुनी टेक्निशियन हा आकडा बघून थबकायची. तुम्ही तिला बाजूला करून सॉफ्टवेअर बसवताय, तेव्हा ते थबकणं सॉफ्टवेअरला शिकवायचंय, ते पुढे सांगते.

पिवळी ट्यूब काढल्यावर पाच-सहा वेळा हळू उलटीसुलटी करायची, आणि गोठायला साधारण अर्धा तास उभी ठेवायची. हा अर्धा तास कुणालाच नको असतो. घाईत लवकर फिरवलं की सीरममध्ये फायब्रिनची तार राहते, ती प्रोबमध्ये (मशीनच्या सीरम ओढणाऱ्या सुईत) जाऊन बसते आणि मशीन एकतर क्लॉट एरर देऊन थांबतं किंवा त्याहून वाईट, कमी सीरम ओढून खोटा कमी रिझल्ट देतं. डायलिसिसच्या पेशंटना हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेलं असतं, त्यांचं रक्त अर्ध्या तासात पण नीट गोठत नाही, त्यांच्या ट्यूबा वेगळ्या ठेवा. आयसीयू-कॅज्युअल्टीसाठी आम्ही सरळ हिरवी लिथियम हेपरिनची ट्यूब सुरू केली, प्लाझ्मावर टेस्ट करायची, गोठायची वाट बघायचीच नाही. एवढ्या एका बदलाने आयसीयूचे फोन जेवढे कमी झाले तेवढे नव्या मशीनने झाले नव्हते. फक्त लिथियमची लेव्हल त्या ट्यूबमधून करू नका, आणि प्लाझ्माचं पोटॅशियम सीरमपेक्षा थोडं कमी येतं हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

सेंट्रिफ्यूजबद्दल थोडक्यात. "तीन हजारावर दहा मिनिटं" हे वाक्य अर्धवट आहे. महत्त्वाचा असतो जी-फोर्स, म्हणजे फिरताना ट्यूबवर पडणारा जोर, आणि तो रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. 10 सेंटिमीटर त्रिज्येला 3000 आरपीएम म्हणजे साधारण 1000 जी, 15 सेंटिमीटरला तेच 3000 म्हणजे साधारण 1500 जी. जुन्या आणि नव्या सेंट्रिफ्यूजवर एकच आकडा लावून बसाल तर एकीकडे ट्यूबमधलं पेशी आणि सीरम वेगळं ठेवणारं जेल नीट बसणार नाही. ट्यूबच्या बॉक्सवर कंपनीने जी किती ते दिलेलं असतं, ते वाचा.

मशीन घेताना

कॅटलॉगवरचा ताशी आकडा बघून भुलू नका, सकाळच्या गर्दीचं गणित मांडा. समजा नऊपर्यंत 150 सॅम्पल तयार झाली, प्रत्येकी 12 टेस्ट, म्हणजे 1800 टेस्ट. ताशी 800 च्या मशीनला हे सव्वादोन तासांचं काम आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर. म्हणजे शेवटच्या पेशंटला सव्वाअकरा. हेच सॅम्पल साडेसातपासून दर दहा मिनिटांनी थोडं थोडं येत राहिलं तर तेच मशीन आरामात पुरतं. म्हणून मामांच्या फेऱ्या वाढवणं हे पण ऑटोमेशनच समजा.

मला विचाराल तर एका भल्यामोठ्या मशीनपेक्षा एकाच कंपनीची दोन मध्यम मशीन बरी, रीएजंट (टेस्टची रसायनं) एकच, आणि एक बंद पडलं तर दुसरं चालू. रीएजंट रेंटलवर घेणार असाल, म्हणजे मशीन फुकट आणि दर टेस्टमागे पैसे, तर करार नीट वाचा, कंट्रोलला (मशीन बरोबर मोजतंय का बघायला लावायचं, आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल), कॅलिब्रेशनला (मशीनचं माप लावायला) आणि रिपीटला वापरलेलं रीएजंट कुणाच्या खिशातून जाणार हे लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर आम्ही वर्षभर हात पोळून घेतलेत. इंजिनिअर किती तासात येणार हे पण लिहून घ्या, "लगेच" हा तास नव्हे.

जागा, वीज, पाणी. मशीन दारातून आत जाईल का हे मोजा, खरंच. यूपीएस मशीनपुरता नको, एलआयएसचा (लॅबच्या नोंदी आणि रिपोर्टच्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर, नेटवर्कचा स्विच आणि वॉटर प्लांट पण त्यावर हवा, नाहीतर लाइट गेल्यावर मशीन चालू आणि त्याला पाणी नाही अशी गंमत होते. बोअरच्या पाण्यावर चालणारं हॉस्पिटल असेल तर वॉटर प्लांटच्या पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. आमच्या कॅल्शियमचे कंट्रोल एकदा आठवडाभर हळूहळू वर चढत होते, आम्ही रीएजंट बदललं, कॅलिब्रेशन दोनदा केलं, शेवटी कळलं की पाण्याची शुद्धता दाखवणारा मीटरच कुणी बघितला नव्हता. आता मीटरचा आकडा रोज सकाळी रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय मशीन सुरू करत नाही.

आल्या दिवशी पेशंटचे रिपोर्ट नव्या मशीनवर सोडू नका. पाच दिवस रोज पाच वेळा तेच कंट्रोल चालवून मशीन एकसारखं येतंय का बघा, मग निदान 40 पेशंट सॅम्पल जुन्या आणि नव्या दोन्हीवर लावा, त्यात नॉर्मल, खूप कमी, खूप जास्त सगळे हवेत. फरक असेल तर डॉक्टरांना आधी कळवा, नाहीतर कालपर्यंत 1.2 असलेलं क्रिएटिनीन आज 1.4 का म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट लॅबमध्ये येऊन उभे राहतील.

मशीन आणि एलआयएसचं बोलणं

इथे लोक घाई करतात आणि इथेच फसतात. कनेक्शन दोन्ही बाजूंनी हवं, म्हणजे मशीनने बारकोड वाचला, एलआयएसला विचारलं याच्यावर काय करायचं, एलआयएसने यादी दिली, मशीनने टेस्ट केल्या आणि आकडे परत पाठवले. नुसते आकडे परत येणारं एकतर्फी कनेक्शन घेतलंत तर टेस्ट हाताने टाकत बसायला लागेल, म्हणजे चुकीला वाव तसाच.

मग प्रत्येक टेस्टचं मॅपिंग, म्हणजे मशीनमधली टेस्ट एलआयएसमधल्या कुठल्या टेस्टला जोडलीय ते, स्वतः तपासा, सॉफ्टवेअरवाल्यावर सोडू नका, त्याला टेस्ट कळत नाहीत. मशीन प्लेटलेट 150 पाठवतं, हजारात. आपल्याकडे रिपोर्ट वाचणारे डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही लाखात बोलतात, 1.5 लाख. दशांशचिन्ह एक घर सरकलं की 15 हजार आणि पेशंटच्या घरात रडारड. दुसरं, मशीन युरिया पाठवतंय आणि एलआयएसमध्ये टेस्टचं नाव बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन), हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बीयूएनला 2.14 ने गुणलं की युरिया येतो, म्हणजे 40 युरियाचा अगदी नॉर्मल माणूस बीयूएन 40 म्हणून किडनी फेल दिसायला लागतो. तिसरं, मोजमापाच्या बाहेर गेलेला रिझल्ट मशीन मोठं-लहानच्या चिन्हासकट पाठवतं, ते चिन्ह वाटेत गळून नुसता आकडा छापला जातोय का बघा. खोटे पेशंट तयार करा, आम्ही "टेस्ट टेस्टकर" नावाने करतो, आणि प्रत्येक टेस्ट मशीनच्या स्क्रीनपासून छापील रिपोर्टपर्यंत बोट ठेवून जुळवा. कंटाळवाणं आहे, दोन दिवस जातात, करा.

सही कुणाची

आता मुख्य भाग, ऑटोव्हेरिफिकेशन. म्हणजे ठरलेल्या नियमात बसणारा रिझल्ट माणसाने न बघता पुढे जाणार आणि न बसणारा अडकून राहणार. घाबरायचं कारण नाही. एक पॅथॉलॉजिस्ट रोज शेकडो नॉर्मल रिपोर्टवर क्लिक करत बसला की नंतर त्याचे डोळे सगळंच नॉर्मल बघायला लागतात.

नियम पॅथॉलॉजिस्टबरोबर बसून कागदावर लिहायचे आणि त्यावर सही घ्यायची, नाबलचे (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) असेसर तीच मागतात. आमचे ढोबळ टप्पे असे. त्या टेस्टचं आजचं क्यूसी (कंट्रोल लावून केलेली तपासणी) पास आहे का, नसेल तर काहीच सुटणार नाही. मशीनने कुठला फ्लॅग (शंकेची खूण) दिलाय का. सीरम लालसर, पिवळं की दुधाळ, हे मशीन स्वतः मोजतं, लालसर असेल तर पोटॅशियम, एलडीएच, एसजीओटी अडवायचे पण सोडियम-क्रिएटिनीनला थोडी मोकळीक, सगळा रिपोर्ट अडवून ठेवू नका. मग आकडा ठरवलेल्या मर्यादेत आहे का. मग डेल्टा चेक, आधीच्या रिझल्टशी तुलना, त्या दोन पाटील काकू आठवा. आणि शेवटी आकड्यांचा आपापसात मेळ, डायरेक्ट बिलिरुबिन टोटलपेक्षा जास्त नाही ना, अल्ब्युमिन टोटल प्रोटीनपेक्षा जास्त नाही ना, हिमोग्लोबिन गुणिले तीन केलं की पीसीव्हीच्या (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीच्या) जवळपास येतं ना. पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम खूप खाली असं एकत्र दिसलं तर रिपोर्ट अडवून स्क्रीनवर "जांभळी मिसळली?" असं आम्ही लिहून ठेवलंय. हेच ते शिकवलेलं थबकणं.

सुरुवात चार-पाच टेस्टने करा, युरिया, क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम, शुगर. पहिला महिना सॉफ्टवेअरने फक्त खूण करायची, सोडलं असतं की अडवलं असतं, सही माणसानेच करायची. दोघांचं कुठे पटलं नाही ते रोज संध्याकाळी बघायचं. आणि एका बटणात सगळं बंद करता आलं पाहिजे, ते बटण कुठे आहे हे रात्रपाळीच्या पोरांना माहीत पाहिजे.

क्यूसी गर्दीच्या आधी, सातला. फेल झालं की पास होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा लावत बसायचं ही जुनी खोड ऑटोमेशनमध्ये जास्त महाग पडते, कारण पूर्वी एक ट्रे चुकायचा, आता तासाभरात दीडशे रिपोर्ट चुकून वॉर्डात पोचलेले असतात. बाहेरचं ईक्यूएएस (बाहेरून आलेल्या सॅम्पलवर होणारी लॅबची परीक्षा) पण चालू ठेवा, बायोकेमिस्ट्रीला वेल्लोरच्या सीएमसीचं, हिमॅटॉलॉजीला एम्सचं, आपल्याकडे बऱ्याच लॅब तेच करतात.

काही गोष्टी मात्र मशीनवर सोडू नका. प्लेटलेट कमी आल्या की स्लाइड बघायचीच. डेंग्यूच्या सीझनमध्ये, जुलै ते ऑक्टोबर, रोज ढिगाने स्लाइडी होतात, जीव जातो, तरी बघायच्या. ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट गुच्छ करून बसतात, मशीन म्हणतं 30 हजार आणि स्लाइडवर भरपूर, मग निळ्या ट्यूबमध्ये परत घ्यायचं आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. उलटही होतं, लोह खूप कमी असलेल्या पेशंटच्या बारक्या लाल पेशी मशीन प्लेटलेट म्हणून मोजतं. एमसीएचसी (लाल पेशीतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) 36 च्या वर गेली तर ट्यूब 37 डिग्रीला ठेवून परत चालवा, थंडीने लाल पेशी चिकटल्या असतील.

स्टाफबद्दल एक. "मशीन आलं की आम्हाला काढणार का?" हा प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही, पण नव्या मशीनशी असहकार त्यातूनच होतो. जपानमध्ये कोची मेडिकल स्कूलमध्ये (केरळातलं कोची नव्हे) डॉ. मासाहिदे सासाकी यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पट्टे आणि रोबो जोडून पहिली पूर्ण ऑटोमेटेड लॅब उभी केली, तीही हाताशी माणसं कमी होती म्हणून. आमच्याकडे नियम बनवायच्या मीटिंगला मी सगळ्यात जुन्या टेक्निशियन बाईंना मुद्दाम पुढे बसवलं, त्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करतात, पण अडवायच्या नियमांपैकी निम्मे त्यांच्या डोक्यातले आहेत.

आणि डाउनटाइम. एलआयएस बंद पडणार, प्रश्न फक्त कधीचा. आधीच छापलेल्या बारकोडचा एक रोल, कागदी रिक्वेस्ट फॉर्म, क्रिटिकल रिझल्ट फोनवर सांगायचं रजिस्टर, हे सगळं एका डब्यात. फोनवर आकडा सांगितला की समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा, नाव आणि वेळ लिहायची. तीन महिन्यांतून एकदा मी रविवारी दुपारी अर्धा तास नेटवर्कची वायर काढते, आयसीयूला आधी सांगून. पहिल्या वेळी डबा उघडला तर आत फॉर्म नव्हते, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेणबत्त्या होत्या.